तन्मयचा राहिलेला दिवस

अनोळखी प्रवाशांना विनामोबदला घरी उतरवून घेण्याच्या एका संकेतस्थळावर मी नाव नोंदवले, ते निव्वळ कुतूहलापोटी. मी डहाणूत रसायनशास्त्र शिकवतो. ज्या देवाणघेवाणीत दोन्ही बाजू जुळवून पाहता येत नाहीत, ती मला संशयास्पद वाटते. २०१७ च्या कार्तिकात त्या संकेतस्थळावरून तन्मय किबे आला. इंदूरचा, चाळिशीला टेकलेला, घाई हा प्रकारच ठाऊक नसलेला. आईवडिलांच्या मागे घर विकून तो काही वर्षे असाच लोकांच्या दिवाणखान्यांत झोपत होता.

"इतक्या घरांत राहिलात. मित्र किती झाले?" मी विचारले.

"ओळखी खूप झाल्या, सर. निघालो की एक गोड मेसेज येतो, मग काही नाही. जिथं परत जाताना आधी विचारावं लागणार नाही, असं एक तरी घर पाहिजे. तेवढ्यासाठीच फिरतोय."

रविवारी आमच्या प्रयोगशाळेतला सहायक सुनिल आम्हाला रानशेतला आपल्या घरी घेऊन गेला. भाताची कापणी चालू होती. मला खाटेवर बसवून चहा दिला गेला आणि मी बसलो. तन्मयने मात्र विळा मागून घेतला आणि दिवसभर, वाईट पण निष्ठेने, भात कापले. त्याची ओळ पाहून सुनिलची आई जिवली म्हणाली, "हे कापलं का उंदरानं कुरतडलं?" सगळे हसले; तन्मय सर्वांत जास्त.

बुधवारी तो सुरतेला निघणार होता. सकाळी दार वाजले. बाहेर सुनिल, जिवली आणि सुनिलची वहिनी रखमी. हातांत विळे, एक कुदळ.

"ह्याचं काम कुठं हाय?" जिवलीने विचारले.

सुनिलने उलगडा केला. त्यांच्या पाड्यावर कोणी दुसऱ्याच्या शेतात दिवसभर राबले, की त्या घराने त्याच्या कामावर तेवढाच दिवस परत घालायचा. मजुरी वेगळी, मजुराला पैसे देऊन मोकळे होता येते. तन्मय मजूर नव्हता.

"राहू द्या, मावशी," तन्मय म्हणाला. "परत मिळावं म्हणून नाही केलं. मित्र म्हणून केलं."

जिवलीचा चेहरा उतरला. "म्हंजे आमचा दिस नको तुला?"

"तसं नाही..."

"मंग कसं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. माझे अनुमान सरळ होते: दिवस परत केला की देणे फिटते, आणि देणे फिटले की संबंध संपतो. अर्थात नकार देणे हेच मैत्रीचे. पण प्रत्यक्षात परिणाम उलटा दिसत होता. माझे कोणते तरी गृहीतक चुकले होते. कोणते, ते कळेना.

"बरं," तन्मय म्हणाला, "पण मला शेत नाही, मावशी. घरच नाही. काम करणार कुठं?"

रखमी हसली आणि मध्येच थांबली. "मंग झोपतोस कुठं?"

"काल इथं. आज सुरतेला."

"सर, हा खरं बोलतो?" जिवलीने मला विचारले. माझ्या माहितीनुसार खरे आहे, असे मी सांगितले.

तिघेही जिन्यात जाऊन आपल्या बोलीत बराच वेळ वाद घालत राहिले. मग जिवली आत आली. "भात काढलेल्या वावरात एक तुकडा अजून ओला हाय. तिथं तुझा वाल पेरू. शेंगा तुझ्या. पण मालक हजर पायजे."

"माझी गाडी दुपारची आहे."

"मंग जा ना! कोण धरतंय?" ती सुनिलकडे वळली. "दिस घालायचा आन् पळायचं. असली कसली माणसं रं तुझी?"

तन्मयने पाठीवरची पिशवी उतरवून माझ्या खुर्चीवर ठेवली. कुतूहल शिल्लक असल्याने मीही निघालो.

रानशेतला पोहोचल्यावर तो कुदळ घ्यायला वाकला, तर जिवलीने ती हिसकावून घेतली. "मालकानं हात नाय लावायचा. मालक जेवण घालतो. जा, चूल पेटव."

"मी?" वर्षानुवर्षे परक्या घरी जेवलेल्या त्या माणसाने अजून कोणालाही जेवू घातले नव्हते. "पण तांदूळ?"

"आमचं घे. त्याचा अर्धा दिस तुझ्यावर राहिला."

"म्हणजे एकूण देणे कमी झाले की वाढले?" मी सुनिलला विचारले.

"सर, तुम्ही कांदा चिरा."

मी चिरला. तन्मय धुरात खोकत, दर थोड्या वेळाने झाकण काढून भाताकडे बघत होता. पेरणी आटोपून तिघे आले, हात धुऊन ओळीने बसले. त्याने वाढले. तो पळी हातात घेऊन उभाच.

जिवलीने पहिला घास खाल्ला. "करपलाय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने रिकामे ताट पुढे केले. "वाढ."