निळ्या अंगाऱ्याची पुडी

शिंदे की छावनीत नीळकंठ महाराजांच्या मठापुढे सकाळी आठालाच रांग लागली होती. एकोणीसशे छप्पनचा ऑक्टोबर सरत आला होता. राजधानी भोपाळला चालली होती आणि ग्वाल्हेरची दफ्तरं ट्रकांत भरली जात होती. आपली फाइल ट्रकात आहे की रद्दीत, हे सांगणारा एकच माणूस शहरात उरला होता, आणि तो डोळे मिटून बसत असे. त्याचा अंगारा बोटांना निळा लागे. हलाहलाचा रंग, असं भक्त म्हणत. तो साबणानेही जात नसे, म्हणून श्रद्धाही जात नसे.

मुकुंदराव बहिणीच्या सोबतीला आले होते. बावीस वर्षं त्यांनी दरबारच्या कचेरीत टायपिंग केलं. कचेरी बुडाल्यावर टोपी बाजारात अर्ज टाइप करून देण्याचं दुकान टाकलं. बहीण शामला विधवा, कन्याशाळेत शिक्षिका. नव्या राज्याच्या यादीत तिचं नाव आलंच नव्हतं. सोमवारी नेमणुकीचा मूळ हुकूम साहेबापुढे ठेवला नाही, तर नोकरी जाणार होती.

तिची पाळी आली. चेला तुकोजीने दोघांच्या हातावर एकेक पुडी ठेवली. महाराजांनी डोळे मिटले.

"बेटी, हुकमावर तुझं माहेरचं नाव आहे. आकडा चारशे बारा. अर्जात तू म्हणतेस, दोन मुलींना माझ्याशिवाय कोणी नाही. लिखा है ना?"

शामलाने वाकून कपाळ जमिनीला टेकवलं.

"भगवान सब पढ़ता है. असली हुकूम दुपारपर्यंत घेऊन ये. पिंडीखाली ठेवू. भोपाळच्या यादीत नाव अपने आप उमटेल."

भगवानाला मूळ प्रतच लागते, नक्कल चालत नाही, हे मुकुंदरावांनी मनात टिपून ठेवलं.

बाहेर आल्यावर शामला म्हणाली, "दादा, तो अर्ज काल तू टाइप केलास. दुकानात आपण दोघंच होतो. कुणाला बोललास?"

"कुणाला नाही."

"मुलींची शपथ?"

"शपथ."

"मग देवाला कळलं. नाहीतर तू सांगितलंस. दोन्हीतलं एक तूच निवड."

"तिसरं काहीतरी असेल, शामे."

"ते साहेबाला दाखवू का सोमवारी?" ती हुकूम आणायला घरी निघून गेली.

मुकुंदरावांनी दुकानात येऊन कुलूप पाहिलं, खिडकीच्या फटी पाहिल्या, शेजारच्या भिंतीला कान लावून पाहिला. काहीच सापडेना. घड्याळ पुढे सरकत होतं. हात चालावेत म्हणून त्यांनी मशीनमध्ये नवा कार्बन-कागद चढवला, आणि बोटं पुसताना थबकले. डाव्या हाताला कार्बनचा निळा होता, उजव्या हाताला अंगाऱ्याचा. दोन निळ्यांत फरक नव्हता.

त्यांनी पुडी सोडली. आतलं अस्तर कार्बनचं होतं. उजेडात धरताच अक्षरं लख्ख उमटली. जरा वर चढलेला 'द' त्यांच्याच मशीनचा होता.

दरबारची रीत म्हणून ते प्रत्येक अर्जाला कोरा कार्बन घालत आणि वापरलेला टोपलीत टाकत. कचेरीत ती टोपली दफ्तरी शिपाई रोज संध्याकाळी जाळायचा. संस्थान विलीन झालं, त्यात दफ्तरीही गेला, आणि ते काम आता कोणाचं, हे मुकुंदरावांना कधी सुचलंच नाही. दुकानातली टोपली रोज संध्याकाळी तुकोजी उचलून नेत असे. फुकट, सेवा म्हणून. मुकुंदरावांना त्याचं फार कौतुक होतं.

दौलतगंजातून ते धावत सुटले. मठात शामला पाकीट पुढे करूनच उभी होती.

"शामे, ते देऊ नकोस. आधी तुझी पुडी दे."

"अविश्वासी की छाया पड़ी तो अंगारा राख हो जाएगा," महाराज गरजले.

"तो आधीपासून राखच आहे," मुकुंदराव म्हणाले. त्यांनी शामलाच्या पुडीचं अस्तर उन्हात धरलं, वरचं नाव वाचलं आणि तिथेच थांबले. रांगेत त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं. "विश्वासराव, हा तुमचा अर्ज. पुढचं तुम्हीच वाचा. तुमची गोष्ट इतक्या लोकांत मी वाचणार नाही."

विश्वासरावांनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. "माझा हुकूम पिंडीखाली आहे," ते एवढंच म्हणाले.

लोकांनी पिंड हलवली. खाली नुसती फरशी होती. तुकोजी मागच्या दाराने केव्हाच पसार झाला होता. तो कुठे गेला, हे पोलिसांनी विचारल्यावर महाराजांना काही दिसेना. नऊ मूळ हुकूम गेले होते, आणि नऊही माणसं मुकुंदरावांची गिऱ्हाइकं होती. ग्वाल्हेरचे कारकून माणसाला तोंडावरून ओळखत. भोपाळात कागद हाच माणूस. ज्याच्या हाती विश्वासरावांचा हुकूम, तो उद्यापासून विश्वासराव.

सोमवारी शामलाने हुकूम दाखवला. नोकरी राहिली. ती दादाशी बोलली, पण त्या शपथेचा विषय दोघांनीही काढला नाही.

मंगळवारी विश्वासराव दुकानात आले. मीच विश्वासराव आहे, असा अर्ज त्यांना करायचा होता. मुकुंदरावांनी तो टाइप केला, कार्बन लोखंडी घमेल्यात टाकून त्यांच्यासमोर काडी लावली आणि म्हणाले, "तुमच्या घरातली गोष्ट कुणी परक्याने सांगितली, तर पाया पडण्याआधी ती कुठून सांडली ते शोधा. आणि मूळ कागद मागणाऱ्याला आधी विचारा, कागद कुठे जाणार. ठिकाण त्याने सांगितलं तरी तिथे स्वतः जाऊन या. हे मी तुम्हाला महिनाभर आधी सांगायला हवं होतं."

 कागदाची राख होईपर्यंत विश्वासराव घमेल्यापाशी उभे राहिले.