मीटरवरचे दोन

हे कुणाला पटायचं न्हाई, असं दत्तोबा आधीच सांगून टाकायचा. म्हणजे पुढं हवं तेवढं फेकायला मोकळा.

चिंचवडमधल्या एका सोसायटीच्या गेटवर धम्मरत्न वॉचमन होता. त्याच्या केबिनमध्ये दत्तोबा रोज दुपारी येऊन बसायचा, गेली सहा वर्षं. दोघं पूर्वी चिखलीतल्या एका वर्कशॉपात होते. धम्मरत्न मशीनवर शाफ्टांमधलं चुंबकत्व उतरवायचा, दत्तोबा सकाळी ते मीटरनं तपासायचा. गॉस हे चुंबकत्वाचं माप; दोन गॉसच्या वर भरलं की माल परत मशीनवर. एक पेटी मात्र तशीच चाकणला गेली. शाफ्टांना चिकटलेला लोखंडाचा किस बेअरिंगांत शिरला, तिकडची लाइन थांबली, आणि धम्मरत्नची नोकरी गेली. पेटी आपल्या टेबलावर आलीच नव्हती, असं दत्तोबानं लिहून दिलं होतं.

आपण ती पेटी टेबलावरच ठेवली होती, असं धम्मरत्न वर्षभर सांगत राहिला. मग बहुतेक ठेवली होती म्हणू लागला. आता विचारलं तर म्हणायचा, चुकलंच असेल माझं.

त्याला हसवायलाच दत्तोबा यायचा. तो हसला, की घरी जाताना पाय जरा हलके पडायचे.

आज धम्मरत्नची मुलगी तनुजाही होती. मीटर तपासून देणाऱ्या चाकणच्या एका लॅबमध्ये ती नुकतीच लागली होती. सेकंड शिफ्टला जाता जाता वडिलांना डबा द्यायला थांबली होती. ती सांगत होती, की मीटरवर एक बटण असतं. चुकून दाबलं गेलं की गॉसच्या जागी मिलिटेस्ला दिसतात. एक मिलिटेस्ला म्हणजे दहा गॉस. चुंबक तेवढंच, पण आकडा दहापट लहान, आणि आकड्यापुढची बारीक अक्षरं कोण वाचतो?

ते बटण दत्तोबाच्या चांगलंच ओळखीचं होतं. अशा वेळी तो बोलत सुटायचा.

एकदा शाफ्ट असे चेकाळले होते, त्यानं सुरू केलं, की पट्ट्याचं बक्कल पुढं आणि आपण मागं. देहूरोडला मालगाडी आमच्या बाजूला कलली. सुपरवायझर उद्धवरावांची कवळी तोंडातून सुटून पेटीला चिकटली, आणि तिथूनच तिनं सगळ्यांचा ओव्हरटाइम नाकारला.

धम्मरत्न हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दत्तोबाला जोर चढला.

"समदं लोखंड धावलं, भावा. एकच जागची हलली न्हाई, पेटीच्या कडीला बांधलेली तांब्याची तार. तांब्याला चुंबकाचं काय?"

धम्मरत्नचं हसू थांबलं. तो स्वतःच्या हातांकडे बघू लागला. चाकणला गेलेली ती पेटी टेबलावर ठेवली त्या संध्याकाळी तिची कडी तुटली होती, आणि त्यानं ती तांब्याच्या तारेनं बांधली होती. तशी एकच पेटी. घरी ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की तनुजाला ती पाठ होती.

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"मीटरवर किती आलं होतं, काका?"

"दोन," दत्तोबा म्हणाला. सहा वर्षं जिभेवर बसलेला आकडा होता तो.

"दोन काय?"

दत्तोबा उठून पायानं चपला शोधू लागला.

"कवळी उडाली असेल, काका," तनुजा म्हणाली. "पण पेटी टेबलावर आली नव्हती, हे खोटं."