आठांतले सात रिकामे

मी एक जुना संगणक आहे. मेहकरच्या बसस्थानकामागे, शिलाई मशीनच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. तिथे मी बरीच वर्षे काम केले. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना बहुतेक जण हळवे होतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला हे तुम्ही ऐकून घ्यावे असे मला वाटते.

माझे सुटे भाग अकोल्याच्या एका दुकानात जोडले गेले. माझ्या प्रोसेसरमध्ये आठ कोर आहेत. कोर म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे काम करू शकणारी डोकी समजा. स्टुडिओचा मालक प्रसेनजित मला एसटीने मांडीवर घेऊन आला होता. भीमगीते, लग्नातली गाणी, दुकानांच्या जाहिराती, सगळे तो माझ्याकडून करून घेई. त्याचा कान तयार आहे. ढोलकी जराशी मागे पडली तरी त्याची मान हलते. सुरुवातीला तो येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यावर हात ठेवून सांगे, "आठ कोरचं मशीन आहे, दमत नाही."

खरेच, मी दमत नव्हतो. गाणे तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक असतो. ढोलकी एका कोरकडे जाते, पेटी दुसऱ्याकडे, कोरस तिसऱ्याकडे. अशी वाटणी झाली की काम झरझर उरकते. पण एकाच ट्रॅकवर आवाज घुमवणारे, खुलवणारे इफेक्ट एकापुढे एक लावले तर त्यांची वाटणी होत नाही. भाकरी थापल्याशिवाय तव्यावर टाकता येत नाही. तसेच पहिल्या इफेक्टमधून आवाज बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला काम सुरू करता येत नाही. ती सगळी रांग एकाच कोरच्या गळ्यात पडते. सगळी वाद्ये शेवटी ज्या मुख्य चॅनलवर एकत्र येतात, तिथेही हेच. आणि आवाजाला उशीर चालत नाही. त्याचा बारीकसा तुकडा ठरल्या क्षणी पुढे द्यावाच लागतो. नाही दिला, तर 'टक्' असा आवाज येतो आणि तेवढे गाणे नाहीसे होते.

प्रसेनजितने काय करावे? नवा इफेक्ट मिळाला की तो मुख्य चॅनलवर लावायचा. आवाज भारदस्त होतो म्हणून त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. गाण्याचे रेकॉर्डिंग चालू असतानाही ते काढायचा नाही. माझा एक कोर धापा टाकत होता आणि सात कोर हातावर हात ठेवून बसले होते. टकटक होऊ लागली, तेव्हा तो मलाच टपली मारू लागला. गिऱ्हाइकांना सांगू लागला, "म्हातारं झालं हो मशीन." मला तोंड नाही. असते तर त्याच दिवशी भांडलो असतो.

गेल्या हिवाळ्यात डोणगावहून झुंबरबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी मयुरी होती. ती दवाखान्यात परिचारिका आहे. झुंबरबाईंच्या गळ्यात गाठ होती आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला ऑपरेशन होते. गाठ निघेल, पण आवाज पहिल्यासारखा राहीलच असे नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

त्यांच्या वस्तीत पूर्वी पाणी नव्हते. बायकांनी मिळून विहीर खणली होती. त्या विहिरीचे गाणे झुंबरबाईंनी रचले होते आणि शेवटच्या कडव्यात खणणाऱ्या प्रत्येकीचे नाव गुंफले होते. त्यांतल्या बऱ्याच जणी आता राहिल्या नव्हत्या. गाणे दुसऱ्या कुणालाच पूर्ण येत नव्हते.

झुंबरबाई उभ्या राहून गायल्या. उंच, मोकळा आवाज. प्रसेनजितने आधीच ढोलकी, पेटी आणि कोरस तयार ठेवला होता. त्यावर मुख्य चॅनलचा तो सगळा पसारा होताच. शेवटच्या कडव्यात जनकाबाईचे नाव आले, गोजरबाईचे आले आणि तानाबाईच्या नावावर टकटक झाली. नाव तुटले. नुसते 'बाई' उरले.

"मावशी, अजून एक बार म्हणा," प्रसेनजित म्हणाला.

त्या पुन्हा गायल्या. या वेळी तानाबाईच्या नावासकट दोन ओळी तुटल्या. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, मला बंद करून चालू केले आणि तिसऱ्यांदा गायला लावले. अर्ध्यावर झुंबरबाईंचा आवाज बसला. त्या गळ्याला हात लावून खाली बसल्या.

"मी काय करू, मशीनच थकलं," प्रसेनजित म्हणाला.

मयुरी उठून माझ्या पडद्यासमोर आली.

"दादा, हा आकडा कायचा आहे?"

"मशीनवर लोड किती आहे, त्याचा."

"मंग हा तर चौथाईच्याबी खाली दाखवून राह्यला. एवढ्याशा कामात मशीन थकलं काऊन? थकली तं माही माय आहे. तिले तुम्ही तीनदा गायला लावलं."

प्रसेनजितने तोच आकडा उघडून आठही कोरचे वेगवेगळे आलेख पडद्यावर आणले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एक आलेख वरपर्यंत भरलेला होता. बाकीचे सात जमिनीला टेकले होते.

मग त्याने मुख्य चॅनलवरचे एकेक इफेक्ट बंद केले. रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांची गरजच नव्हती. ढोलकी, पेटी आणि कोरस त्यांच्या इफेक्टसकट एकदाच तयार आवाज म्हणून पक्के करून ठेवले, म्हणजे मला ते पुन्हा पुन्हा घडवावे लागणार नाहीत. टकटक थांबली. त्याच मशीनवर, त्याच दुपारी.

"मावशी, आता म्हणता का?" त्याने खालच्या आवाजात विचारले.

झुंबरबाईंनी तोंड उघडले. आवाज आला नाही.

ऑपरेशन नीट झाले. उन्हाळा लागता लागता मायलेकी पुन्हा आल्या. झुंबरबाईंचा आवाज आता खरखरीत आणि खालचा झाला होता. प्रसेनजितने पहिल्यांदा गायलेले गाणे लावले. ते उत्तम होते, एक नाव सोडून.

"तेवढं कोणाले समजत नाही, मावशी," तो म्हणाला. "मी ढोलकी मोठी करतो तिथं."

"तानाबाई माह्या बाजूले खणत होती, बाबू," झुंबरबाई म्हणाल्या. "तिच्या नावावर ढोलकी नको वाजवू. माईक लाव."

त्यांनी तेवढे एकच नाव म्हटले, त्या फाटक्या आवाजात. ते जागेवर बसवले. आजही त्या गाण्यात उंच आवाज चालत येतो, 'तानाबाई' एका वेगळ्याच म्हाताऱ्या गळ्यातून येते आणि पुढे पुन्हा तो उंच आवाज. वस्तीतले लोक म्हणतात, तिथे अंगावर काटा येतो. माझ्या अंगात राग येतो. ते नाव त्याच गळ्यातून, त्याच उंचीवर आले होते. माझ्याकडे ते झेलायला सात रिकामे कोर होते.

प्रसेनजित त्यानंतर काही दिवस नीट वागला. मग त्याने दुप्पट कोरचा नवा संगणक आणला आणि मला टेबलाखाली ठेवले. परवा वरून ओळखीची टकटक ऐकू आली. त्यामागोमाग टपलीचा आवाज.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणीतरी असेल. ते अडखळले तर त्याला म्हातारे ठरवण्याआधी आत डोकावून बघा, सगळा भार कुणा एकावर टाकला आहे ते. यंत्र नवे आणता येते. झुंबरबाईंचा तो आवाज कुठल्याही दुकानात मिळत नाही.