खुंटीवरचा कोट

सून लाँड्रीत कामाला. दिवसभर जगाच्या कोटांचे डाग काढायची आणि तिच्याच घरी, दारामागच्या खुंटीला, सासऱ्यांचा कोट अख्खा हिवाळा कळकट लोंबत होता. धुवायला मागितला की आबा म्हणत, "निघायच्या माणसाचा कोट खुंटीलाच बरा, सूनबाई."

सासूबाई गेल्यावर मुलाने त्यांना गावाहून शहरात आणलं होतं. पण पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. "इथं ऋतूला तोंडच नाही," ते खिडकीशी बसून म्हणत. "समोर भिंत. थंडी आली काय, गेली काय, भिंतीला कशाचं सोयरसुतक!" आता रविवारच्या गाडीचं तिकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं, पिशवीही भरून तयार.

आबांनी जाऊ नये असं सुनेला वाटे. दमूनभागून आल्यावर दार उघडून "आलीस का गं?" म्हणणारं माणूस तिला माहेरीही मिळालं नव्हतं.

"वसंत दाखवला तर राहाल?" तिने धीर करून विचारलं.

"या शहरात? दाखव की! पण दुकानातली फुलं नकोत हं. ती बारा महिने हसतात, पगारी असल्यासारखी."

ती जाता-येता मान वर करकरून बघू लागली. तारा दिसल्या, पाट्या दिसल्या, वाळत घातलेले पायमोजे दिसले. वसंत काही दिसेना.

लाँड्रीत मात्र थंडीचे कोट ढिगांनी येऊ लागले. आधी खिसे झाडायचे, मग कॉलर आणि खांदे उजेडात धरून बघायचे, हा तिथला शिरस्ता. बघते तर एका कोटाच्या खांद्यावर पिवळी भुकटी. दुसऱ्याच्याही. कुठे रंगकाम चाललंय वाटतं, असं म्हणत तिने ओलं फडकं घेऊन चोळलं, तर भुकटीचा हा लांबलचक फराटा!

मालकीणबाई धावत आल्या. "अगं, पाणी लावलंस? परागकण आहेत ते, झाडाचे! कोरड्या ब्रशने झटकायचे असतात. आता बस तासभर घासत."

बोलणी खाऊन तोंड पडायचं, तर हिचं उजळलं. "कुठलं झाड?"

"मला काय विचारतेस? कोटवाल्यांना विचार!"

तिने खरंच विचारलं. पिवळे खांदे घेऊन जो येईल त्याला, "रोज कुठे उभे राहता हो?" काहींना वाटलं, बाई चौकशीखात्यातली आहे. पण उत्तर सगळ्यांचं एकच आलं: पुलापलीकडचा बसथांबा.

शनिवारी कामावरून येताच तिने आबांना कोट चढवला आणि हाताला धरून तिकडे नेलं. थांब्यावर माणसं मान खाली घालून फोनमध्ये बुडालेली, आणि त्यांच्या डोक्यावर झाड. पान एक नाही, पण फांदीफांदीला मऊ पिवळी झुंबरं लटकलेली. वाऱ्याची झुळूक आली, झाडाने अंग झटकलं आणि उन्हाचं पीठ चाळावं तशी धूळ सगळ्यांवर भुरभुरली. कुणी शिंकलं. वर मात्र कुणी पाहिलं नाही.

आबा पाहत होते. बस आली, गेली. मग ते हळूच गुणगुणले,

"सोनं सांडलं सांडलं, वाटसरूच्या खांद्यावर
झाड म्हणतं, ने रे बाबा, तेवढंच ऊन दारावर."

"कुणाचं हो हे?"

"आत्ताच सुचलं. तुझी सासू असती तर म्हणाली असती, जुळवाजुळव पुरे, घरी चला."

ती हसली आणि त्यांचा खांदा झटकायला गेली. "असू दे," म्हणून त्यांनी हात अडवला.

घरी आल्यावर आबांनी कोट काढला. खुंटीकडे नेलेला हात मध्येच थांबला आणि त्यांनी कोट तिच्याकडे दिला.

"सोमवारी धुवायला ने. कधी मिळेल?"

"गर्दी आहे, आबा. बरेच दिवस लागतील."

"लागू देत. घाई कुणाला आहे?" पिशवीतले शर्ट काढून फळीवर ठेवता ठेवता ते म्हणाले, "पण आधी खिसे झाड हं नीट. आतल्या खिशात एक तिकीट आहे, ते टाकून दे."