वेणीच्या वेळची चाल

जाहिरातींना चाली लावणं हा मास्तरांचा धंदा. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी स्टुडिओतल्या एका वादकाने हाक मारली "मास्तर", ती कायमची चिकटली. बिस्किटं, साबण, गाद्या, पंखे, दातांची पेस्ट, सगळ्यांना मास्तरांनी गायला लावलं. चार ओळींची चाल बांधायची, आणि ती अशी की ऐकणाऱ्याच्या डोक्यातून हाकलली तरी जाऊ नये. जाहिरात कंपनीतली मंडळी म्हणत, मास्तरांचा कान देवाने वेगळा केलाय.

कान चांगला होता, यात शंका नाही. पण देवाने कानाच्या जोडीला त्यांना एक मुलगीही दिली होती, आणि खरं काम ती करत होती.

मास्तरांची बायको इस्पितळात नर्स. तिची पाळी पहाटे सुरू व्हायची, म्हणून सात वर्षांच्या चिमणीची वेणी घालायचं काम मास्तरांकडे आलं. चिमणी बसायची खुर्चीवर, मास्तर मागे उभे, तोंडात रबर धरलेलं. रबर केसांना लागलं की तोंड मोकळं व्हायचं आणि मास्तर गुणगुणू लागायचे. रात्री बांधलेली नवी चाल, शब्द नाहीत, नुसतं "लाला लाला". 'म्हण' असं ते तिला कधी सांगायचे नाहीत. तिला शाळेत सोडून कामाला जायचे. संध्याकाळी बूट काढताना किंवा चित्र रंगवताना चिमणीच्या तोंडून तीच चाल आपोआप आली, तर चाल पास. नाही आली, तर मास्तर ती दुसऱ्या दिवशी मोडून टाकायचे. मग कंपनीतल्या मोठ्या साहेबांना ती कितीही आवडलेली असो.

यात लपवाछपवी नव्हती. आचारी मीठ बघायला बोट चाखतो, ते कुणाला सांगत बसतो का? कुणी विचारलं नाही, म्हणून मास्तरांनी सांगितलं नाही.

त्या वर्षी जाहिरात कंपनीला एक मोठं काम मिळालं. नवं पेय, उंच निमुळत्या हिरव्या डब्यातलं. सफरचंदाचा वास, गोडसर चव, आणि नशा बिअरइतकी. कंपनीच्या मॅडमनी मास्तरांना समोर बसवून नियम सांगितले.

"दारूची जाहिरात आहे, त्यामुळे तोलून मापून. गाणारे सगळे पंचविशीच्या पुढचे. कार्टून नको, प्राणी नको, खेळणी नको. टीव्हीवर रात्री नऊनंतर. बाकी तुम्ही तुमचं करा."

"म्हणजे चालीला काही नियम नाही," मास्तर म्हणाले.

"चालीला कसला नियम असणार?" मॅडम हसल्या. "चाल चिकटली पाहिजे, बस. आणि हे जमलं ना मास्तर, तर पुढची सगळी कामं तुमच्याकडे. बाहेर कुणाला विचारणारसुद्धा नाही मी."

मास्तरांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. हल्ली चाली मशीनवर होऊ लागल्या होत्या. स्टुडिओत मास्तर येईपर्यंत पोरं दहा चाली काढून ठेवत, आणि मास्तरांना बोलावणं येईल की नाही याची धाकधूक सोमवारपासून सुरू व्हायची.

त्यांनी जीव ओतून चाल बांधली. शब्द मॅडमनी दिले होते:

उन्हं उतरली, कामं सरली, आता फक्त…

आणि इथे मास्तरांनी गंमत केली. ओळ पुरी केलीच नाही. चाल वर चढवली आणि तिथेच सोडून दिली, पाय पायरीवर उचललेला आणि पायरीच नाही, अशी. मग क्षणभर शांतता, आणि डबा उघडल्याचा आवाज. फस्स्.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना रबर तोंडातून निघालं आणि चाल बाहेर पडली. शब्द नव्हते, डब्याचा आवाज नव्हता, नुसतं लाला. मनात काही आलंच नाही. हाताला सवय असते तशी तोंडालाही असते. संध्याकाळी चिमणी दाराशी बुटाची नाडी सोडवत होती आणि गात होती. शेवटी थांबली, एक श्वास घेतला, आणि नाडी ओढली. मास्तर खूश झाले. चाल पास.

जाहिरात लागली आणि गाजली. रिक्षावाल्यांच्या, दुकानदारांच्या, लिफ्टमधल्या अनोळखी माणसांच्या तोंडी मास्तरांना आपली चाल ऐकू येऊ लागली. पुढचं कामही ठरल्यात जमा होतं. आणि मग मॅडमचा फोन आला.

"एक कटकट झालीय. कुठल्याशा शाळेच्या बाईंनी तक्रार केलीय. जाहिरात मुलांना ओढते म्हणे. जाहिराती तपासणाऱ्या समितीपुढे सुनावणी आहे. तुम्ही यायचं, आणि एकच वाक्य बोलायचं. की ही चाल मी मोठ्या माणसांसाठी बांधली."

"ती तर मोठ्यांसाठीच बांधली की."

"मग झालं तर. आमच्याकडे पुरावा भक्कम आहे. आपण तीनशे माणसांना दाखवून विचारलंय, तुम्हाला ही लहान मुलांची वाटते का. जवळजवळ सगळे नाही म्हणालेत."

"मुलांना विचारलं?"

"मास्तर," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मुलांना दारूची जाहिरात दाखवणं बेकायदा आहे."

मास्तरांनी फोन ठेवला. उत्तर बरोबर होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तरी काहीतरी दाताला लागल्यासारखं झालं.

मास्तरांचे वडील, नाना, पूर्वी कीर्तन करायचे. आता आवाज गेला होता, पण त्यांच्या उमेदीत सभागृह भरून माणसं बाहेर उभी राहत. नाना देवाची गोष्ट सांगता सांगता गाऊ लागत, गाता गाता थबकत, आणि हजार माणसं त्यांची ओळ पुरी करत. मास्तर लहानपणी त्यांच्या पायाशी बसून झांजा वाजवत. जे काही संगीत अंगात आलं ते तिथलं.

त्या संध्याकाळी नाना पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि चिमणी न्हाणीघरात होती. पाण्याच्या आवाजातून गाणं येत होतं, आता शब्दांसकट. शब्द मात्र मॅडमनी दिलेले नव्हते.

तास संपला, दप्तर भरलं, आता फक्त…

"फस्स्," आतून आवाज आला, आणि मग खळखळून हसणं.

मास्तर न्हाणीघराच्या दारात गेले. "हे कुणी शिकवलं ग?"

"कुणी नाही. आम्ही सगळे म्हणतो. शेवटच्या तासाला. पाण्याच्या बाटल्या धरायच्या, आणि 'आता फक्त' म्हटलं की सगळ्यांनी एकदम उघडायच्या. बाईंनी एकदा आमच्या बाटल्याच काढून घेतल्या."

"हे गाणं कशाचं आहे, माहीत आहे?"

"हो. त्या हिरव्या डब्याचं. मोठ्यांचं असतं ते." चिमणीने टॉवेलमधून डोकं बाहेर काढलं. "मी मोठी झाले ना, की आधी तेच पिणार आहे. मैत्रीण म्हणते ती लाल डब्यातलं, पण लालचं गाणं काही खास नाही."

ती हे सायकलचा रंग निवडावा तितक्या सहज म्हणाली, आणि केस पुसत निघून गेली.

मास्तर नानांच्या पलंगाशी येऊन बसले. नानांना बोलायची घाई कधीच नसायची. एके काळी हजार माणसांना ताटकळत ठेवायची सवय होती त्यांना.

"तुझीच ना रे ती?" नानांनी विचारलं.

"कशावरून म्हणता?"

"तिसऱ्या तुकड्यात वर नेऊन सोडतोस त्यावरून. तो माझा सूर आहे. तू झांजा घेऊन बसलेला असायचास तिथे."

इतके दिवस मास्तर स्वतःला सांगत होते की ही जागा आपल्याला सुचली.

"नाना, तुम्ही ओळ सोडायचात, तेव्हा पहिलं कोण म्हणायचं?"

नाना हसले. हसलं की त्यांना खोकला यायचा, तो येऊन गेला. "मोठी माणसं इकडे तिकडे बघतात. शेजारचा म्हणतोय का, आपला आवाज बरा लागेल का. पोरांना कसली लाज. पुढे जमिनीवर बसलेली सगळी चिल्लीपिल्ली. मी श्वास घ्यायच्या आत त्यांचं म्हणून व्हायचं. मग त्यांच्या मागून आया, आणि आयांच्या मागून बाप. मी ती जागा ठेवायचोच पोरांसाठी. म्हटलं, देवाचं नाव आधी यांच्या तोंडी बसू दे. अर्थ मागाहून कळेल."

"आणि मी तिथे डबा ठेवला."

"तू ठेवलास," नाना म्हणाले. रागावले नव्हते. रागावणं त्यांच्या स्वभावातलंच नव्हतं, आणि मास्तरांना त्या क्षणी ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"उद्या बोलावलंय मला. चाल मोठ्यांसाठी आहे असं सांगायला."

"आहे का?"

"बांधताना तसंच वाटत होतं."

"मग तसंच सांग. वाटत होतं म्हणून." नानांनी पांघरूण वर ओढलं. "आणि पुढचं विचारलं तर पुढचंही सांग."

सुनावणीची खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचे जग, आणि एसी इतका जोरात की सगळ्यांचे हात बाह्यांमध्ये ओढलेले. समितीत पाच जण, मध्ये केस पूर्ण पांढरे झालेल्या अध्यक्षबाई. एका बाजूला तक्रार करणाऱ्या शाळेच्या बाई एकट्या, आणि समोर मॅडम, पेयाच्या कंपनीचे साहेब, त्यांचे वकील आणि मास्तर.

साहेबांनी तक्ते दाखवले. तीनशे माणसं, सगळी पंचविशीच्या वरची. गाणारे पंचविशीच्या वरचे. प्रक्षेपण नऊनंतर. "आम्ही मुलांना कुठेही लक्ष्य केलेलं नाही," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मास्तरांना जाणवलं, या खोलीत कुणीच खोटं बोलत नव्हतं.

शाळेच्या बाईंनी बाटल्यांची गोष्ट सांगितली. वकिलांनी शांतपणे विचारलं, मुलं तर काहीही गातात, पंख्याची जाहिरातसुद्धा गातात, नाही का? बाई म्हणाल्या, हो, तीसुद्धा गातात. पंख्याची चालही मास्तरांचीच होती.

मग मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. ते उभे राहिले.

"ही चाल मोठ्या माणसांसाठी आहे, असं समजून मी बांधली," ते म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. वाक्य झालं होतं. मास्तर खाली बसायला लागले, आणि अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

"थांबा जरा. हे सुनावणीसाठी नाही, मला सहज विचारायचंय. माझ्याही डोक्यात बसलीय ती, म्हणून. चाल चांगली झालीय, हे तुम्हाला कळतं कसं?"

किती साधा प्रश्न. इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. मास्तरांनी मॅडमकडे पाहिलं. कान वेगळा आहे, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. सगळे हसले असते, आणि लोक तेच म्हणत आले होते.

"सकाळी मुलीची वेणी घालताना मी चाल गुणगुणतो," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी तिने आपणहून म्हटली, तर ठेवतो. नाही म्हटली, तर मोडतो."

अध्यक्षबाईंनी पेन पुन्हा उचललं.

"या चालीच्या वेळीही?"

"या चालीच्या वेळीही."

"मुलगी किती वर्षांची?"

"सात."

वकील उठले आणि म्हणाले की एका घरातल्या एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, हो, होत नाही, आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या. शाळेच्या बाई मास्तरांकडे टक लावून बघत होत्या. मास्तर बसले.

लिफ्टमध्ये मॅडम आणि मास्तर दोघंच होते. मॅडम आकड्यांकडे बघत राहिल्या.

"एकच वाक्य सांगितलं होतं मी तुम्हाला."

"ते बोललो की. बाकीचं त्यांनी विचारलं."

"कान वेगळा आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" मॅडमच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "माझी धाकटी पण म्हणते ते गाणं. मी काही बोलले का तिथे?"

तळमजला आला. मॅडम बाहेर पडल्या आणि मागे न बघता गेल्या. पुढचं काम आता येणार नव्हतं. मास्तरांना ते कळलं होतं, आणि ते तसंच झालं.

महिन्याभरात समितीने जाहिरात काढायला लावली. कंपनीने दुसरी केली, मशीनवरच्या चालीची. ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. मास्तरांना हळूहळू इकडची तिकडची कामं मिळू लागली, एका छत्रीचं, एका कुलपाचं. घर चाललं. बायको म्हणाली, तुमच्या त्या हिरव्या डब्यापेक्षा कुलूप बरं. नानांनी तिला दुजोरा दिला.

एका सकाळी वेणी घालताना रबर तोंडातून निघालं, आणि मास्तर गप्पच राहिले. हल्ली ते गप्पच राहत.

"बाबा, आज पण नवीन नाही?" चिमणीने विचारलं.

"नाही. आज तू म्हण काहीतरी."

चिमणीने क्षणभर विचार केला आणि सुरू केलं. तीच. टीव्हीवरून जाऊन इतके दिवस झाले होते, तरी सूर तसूभर हललेला नव्हता. तिसऱ्या तुकड्याला ती वर गेली, थांबली, आणि मान वळवून बापाच्या तोंडाकडे बघू लागली. ओळ त्याने पुरी करावी म्हणून.

पलीकडे पलंगावर नानाही वाट बघत होते.

"मान सरळ ठेव," मास्तर म्हणाले. "वेणी वाकडी होते."