मामाच्या मिरचीवरचा मावा

मी गांधीलमाश्या पोसते. हसू नका, पोटापाण्याचा धंदा आहे. माझी माशी डासाहून लहान. ती माव्याच्या, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या, पोटात अंडं घालते, आतली अळी त्याला पोखरते आणि मावा फुगून तपकिरी पडतो. अॅडलेडच्या उत्तरेकडचे आमचे व्हिएतनामी पॉलिहाऊसवाले मला ‘माशीवाली थोआ’ म्हणतात.

खिएम मामाला औषध फवारू नकोस म्हणून मीच गळ घातली होती. तीन आठवड्यांत ढोबळी मिरचीवरचा मावा साफ, असं छातीठोकपणे सांगून बसले. तीन खोकी माश्या सोडल्या. मावा उलट वाढला. पानं चिकट झाली, फळांवर काळी बुरशी चढू लागली, आणि सोमवारी पहिली गाडी भरायची होती. मामाचं यंदाचं सगळं या एकाच पिकावर. त्याने मला फोन करणंच बंद केलं.

मंगळवारी मी मिरचीच्या ओळीत गुडघे टेकून बसले. माश्या बिचाऱ्या झटून टोचत होत्या, पण फुगलेला मावा शोधून सापडेना. पानं कामावर नेली, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मावा फोडला. आत माशीची पिल्लं मरून पडलेली. आमच्या मोठ्या बाई हेदर यांनी काही मावे तपासणीला पाठवले, गुरुवारी उत्तर आलं. या माव्याच्या अंगात जिवाणू राहतात आणि तेच माशीच्या पिल्लाला मारतात.

चूक कुठे झाली ते मला तिथेच कळलं. आमच्या पैदास-खोलीत बाहेरचा किडा आणायचा नाही, असा कडक नियम. आम्ही कपडे बदलून आत जातो. त्यामुळे माश्यांची परीक्षा झाली ती आमच्याच पाळीव, गरीब माव्यावर. मामाचा मावा त्यांना मी कधी दाखवलाच नाही. गाढवपणा, दुसरं काय.

त्याच संध्याकाळी मामाला पॉलिहाऊसमध्ये गाठून सगळं सांगितलं.

“असे जिवाणूवाले आधी किती होते?” त्याने विचारलं.

“थोडेच असावेत, मामा. बाकीचे माझ्या माश्यांनी संपवले. मग यांना सगळा पाला मोकळा मिळाला.”

“म्हणजे तूच निवडून दिलेस मला. खोक्याखोक्याने.”

मी हो म्हणाले. मला रडू आलं, लाजही वाटली. चाचरत सांगितलं की आता ढालकिडे, ते ठिपक्यांचे लाल किडे, सोडू. ते मावा अख्खा खातात, आत कोण बसलंय ते बघत नाहीत. पण त्यांना दोन आठवडे लागतील, आणि आज फवारलं तर तेही मरतील.

मामा ओळींमधून एक फेरी मारून आला.

“मधल्या सहा ओळी फार बरबटल्यात. त्या काढू, म्हणजे बाकीचं वाचेल,” तो म्हणाला. “सोमवारची गाडी नाही. पहिलं झाड तू उपट.”

त्यावर अकरा मिरच्या होत्या, रंगावर आलेल्या. मी दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि उपटलं.