सव्वा महिन्याच्या आत

दोन हजार तेवीसचा डिसेंबर. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कलाबाईंची लेक प्रज्ञा धुळ्याहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. आतल्या खोलीत बाळ-बाळंतीण. बाहेरच्या खोलीत कलाबाई, मुलगा समाधान, सून सपना आणि त्यांचा पाच वर्षांचा प्रशील. शाळेतून आला की प्रशील दप्तर फेकून आधी बाळाच्या झोळीकडे धावायचा.

त्याला लहानपणापासून दमा. थंडी पडली की छाती वाजायची, मग औषधाचा पंप तोंडाला लावायचा. त्यामुळे तो खोकू लागला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सपनाने पंप वाढवला, कलाबाईंनी ओव्याने छाती शेकली.

एका सकाळी मात्र खोकला थांबेचना. पोराचं तोंड लालबुंद झालं, श्वास आत ओढताना कोंबडा आरवल्यासारखा लांब आवाज निघाला आणि शेवटी उलटी झाली. भाकरी थापता थापता कलाबाई थिजल्या. हा आवाज त्यांनी लहानपणी चाळीसगावकडच्या माहेरी ऐकला होता. तेव्हा त्यांच्या पाठच्या तान्ह्या बहिणीला तर आवाजही काढता आला नव्हता. ती नुसती निळी पडली आणि गेली.

"समाधान, हाऊ दम नई शे. डांग्या खोकला शे."

"आई, तो रोग आणि तुझा कंदील बरोबरच गेले गं."

"मंग कंदील लाव आन देख तेना तोंडकडे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी म्हातारीचं म्हणणं ऐकून घेतलं, प्रशीलला तपासलं, नमुना घेतला आणि विचारलं, "पाचव्या वर्षीची लस दिली होती?"

सपना खाली बघत म्हणाली, "नर्सताई यायच्या तेव्हा नेमका याला दम असायचा. म्हटलं, बरा झाला की देऊ. दीड वर्षाची लॉकडाऊनमध्ये राहिली."

"छाती थोडी वाजत असली तरी देता येते. उलट दम्याच्या मुलांनी चुकवूच नये, असे आजार त्यांना जास्त छळतात. घरात तान्हं आहे का?"

आहे म्हटल्यावर बाईंचा चेहरा बदलला. सगळ्यांना औषध सुरू झालं, तान्हीलाही. या खोकल्याची तिची पहिली लस ती दीड महिन्याची झाल्यावरच; तोवर तिला या मुलापासून लांब ठेवा, असं बजावलं.

दोन खोल्यांत लांब म्हणजे कुठे? आणि प्रशीलला तर दवाखान्याजवळच राहणं भाग होतं. कलाबाईंनी लेकीची पिशवी भरायला घेतली, धुळ्याला परत धाडायला.

"सव्वा महिन्याच्या आत मला पाठवतेस?" प्रज्ञा म्हणाली. "सासरी काय सांगू, माहेरच्यांना जड झाले? वहिनीच्या तर मनासारखंच झालं."

"माझं पोर रोगी आहे, असं सरळ म्हणा ना ताई," सपना ओट्याकडूनच म्हणाली.

"जे काय शे ते बठ्ठं माले बोला," कलाबाई म्हणाल्या. "पन गाडी आजच निंघी."

जाताना लेक आईशी बोलली नाही. कलाबाईंनी मात्र विहीणबाईंना फोन लावला. "ती खोकनार नई. दूध पिता पिता निळी पडनी का तशीच उचला, कोनी वाट नका देखा."

धुळ्यात दोन दिवसांनी तसंच झालं. विहीणबाईंनी पोरीला अंगावरच्या शालीसकट दवाखान्यात नेलं. बरेच दिवस ती काचेच्या पेटीत होती. इकडे कलाबाई फोन वाजला की दचकायच्या आणि तो उचलायला समाधानला पुढे करायच्या.

पोर वाचली. तिचं नामकरण धुळ्यालाच झालं. भुसावळहून फक्त समाधान गेला. आता ती अंगणवाडीत जाते.

प्रशील होळीपर्यंत खोकत होता. दमा अजून आहे, पण राहिलेल्या लसी झाल्या. त्या तारखा सपना सांभाळते. त्यावर घरात दुसऱ्या कुणी बोललेलं तिला चालत नाही. प्रज्ञा दिवाळीला येते, जेवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. कलाबाई तिला राहा म्हणत नाहीत. विहीणबाईंचा मात्र दर रविवारी फोन येतो. दोघी नातीबद्दल बोलतात, मग बराच वेळ गुडघ्यांबद्दल.